काळ्या वडीचं चुंबक

"ओ मॅडम, गाडी पेटलीय तुमची!"

खंबाटकीच्या घाटात आमच्या शेजारी अडकलेल्या ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं. मी व्हॅनच्या मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा फ्लास्क होता आणि त्याच्या तोंडातून पांढरा धूर निघून उघड्या खिडकीबाहेर लोळत चालला होता.

"पेटली नाही हो. गार धूर आहे हा," मी म्हणाले.

"गार धूर?" तो हसला, आणि मग न हसता त्याने आपली काच वर चढवून घेतली.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. एप्रिल महिना होता. पुढे कुठेतरी एक टँकर आडवा झाला होता आणि घाटातली सगळी वाहतूक थिजली होती. गाडी चालवत होते मुजावरसर, म्हणजे यासीन मुजावर. इचलकरंजीतल्या आमच्या कॉलेजात ते इलेक्ट्रिकलला शिकवायचे. त्यांच्या शेजारी हुक्केरीसर बसले होते, आमच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख आणि माझे मार्गदर्शक. मी, वैजयंती मगदूम, तिथेच अधिव्याख्याता होते आणि सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते.

फ्लास्कच्या तळाशी होती सरांची वडी. दिसायला अगदी मामुली. काळी, गोल, आल्याच्या वडीपेक्षा थोडी मोठी. पण ती अतिवाहक होती. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार केली की तिच्यातून वीज कुठल्याही अडथळ्याशिवाय फिरत राहते, आणि त्या अवस्थेत तिला एकदा चुंबकत्व दिलं की ती ते धरून ठेवते. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही चुंबकाला जमणार नाही इतकं. अट एकच, ती गारच राहिली पाहिजे. गरम झाली की सगळं संपलं, पुन्हा साधा काळा दगड.

अशी वडी बनवणं म्हणजे मोठा तपश्चर्येचा मामला. भट्टीत पूड वितळवायची आणि मग इतकी हळू गार करायची की सगळी वडी मिळून एकच स्फटिक झाला पाहिजे. मध्ये वीज गेली की गेलं सगळं, आणि आमच्या गावात वीज जायला काही कारण लागत नसे. सरांच्या कित्येक वड्या तडकल्या, कित्येकांत दोन-दोन स्फटिक निघाले. निर्दोष म्हणावी अशी एक वडी जमली होती आणि ती आता माझ्या मांडीवर होती.

त्या दिवशी दुपारी मुंबईहून समिती येणार होती. आमच्या गावात कापड रंगवणारे कारखाने, आणि त्यांच्या रंगीत पाण्याचं काय करायचं हा तिथला कायमचा प्रश्न. त्या पाण्यात रंगाला चिकटणारी लोहाची बारीक भुकटी मिसळायची आणि जबरदस्त चुंबकाने ती भुकटी रंगासकट ओढून घ्यायची, असा सरांचा प्रकल्प होता. त्याला चुंबक लागणार होतं किमान एक टेस्लाचं; टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. समितीला ते दिसलं तर प्रकल्प पुढे चालणार होता. नाहीतर जूनमध्ये भट्टीची खोली कॉम्प्युटर लॅबला जाणार, हे प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. सरांना निवृत्त व्हायला एकच वर्ष उरलं होतं.

वडीला चुंबकत्व देण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला सरांचा. वडी आधी मोठ्या चुंबकात ठेवायची, तिथेच गार करायची, आणि मग ते मोठं चुंबक सावकाश बंद करत न्यायचं. आतलं चुंबकत्व वडीत अडकून राहतं. रस्ता खात्रीचा, पण मोठं चुंबक आमच्याकडे नव्हतं. ते पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होतं, कपाटाएवढं. दुसरा रस्ता मुजावरसरांचा. वडी आधीच गार करायची, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवायचं, आणि कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज डोळ्याचं पातं लवण्याआधी त्या वेटोळ्यातून सोडायची. एकच दणका. चुंबकत्व वडीत घुसतं. यंत्र टेबलावर मावेल एवढं. मुजावरसरांनी ते स्वतः बांधलं होतं.

पण मागच्या वर्षी त्या दणक्याने सरांची एक चांगली वडी मधोमध फुटली होती. तेव्हापासून हुक्केरीसर मुजावरसरांशी कामापुरतंच बोलत. "दणके देणाऱ्यांचं काम नव्हे हे," एवढंच ते एकदा माझ्यासमोर म्हणाले होते. आणि तरीही कॉलेजची जीप मिळाली नाही हे कळल्यावर मुजावरसर आदल्या दिवशी स्वतःची व्हॅन घेऊन दारात उभे राहिले होते. आपला रस्ता नाकारणाऱ्या माणसाला त्याच्या रस्त्याने पुण्याला घेऊन गेले. पुण्यात काम झकास झालं. मीटरवर आकडा आला, एक पूर्णांक एक टेस्ला. सकाळी उजाडताच आम्ही निघालो होतो.

"आकडा?" सरांनी मागे न वळता विचारलं. पुण्यापासून ते दर थोड्या वेळाने हेच विचारत होते.

वडीला चिकटवलेल्या संवेदकाची तार फ्लास्कमधून बाहेर येऊन माझ्या हातातल्या मीटरला जोडलेली होती. "एक पूर्णांक एक. हललेला नाही, सर."

"नायट्रोजन?"

"आत्ताच ओतलाय." मी पायापाशी ठेवलेल्या मोठ्या कॅनकडे बघितलं. कॅनच्या बाहेरच्या अंगावर पांढरं बर्फ धरलं होतं.

"मुजावरसर," मी म्हणाले, "जरा मागं बघता का?"

त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कॅनला दोन भिंती असतात. मधली हवा काढून तिथे पोकळी केलेली असते, म्हणून बाहेरची उष्णता आत पोचत नाही. बाहेरून बर्फ धरलं याचा अर्थ पोकळीत हवा शिरली होती. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि कॅनमधला नायट्रोजन चुलीवर ठेवल्यासारखा उकळत होता. झाकण उचललं तर आत तळाला जेमतेम राहिला होता. तो मी फ्लास्कमध्ये ओतून घेतला.

"किती वेळ पुरेल?" सरांनी विचारलं.

"घाट लगेच सुटला तर साताऱ्यापर्यंत."

घाट लगेच सुटला नाही. आम्ही टॉवेल पाण्यात भिजवून फ्लास्कवर घातले. मुजावरसर खाली उतरून पुढे चालत गेले, कुणाला हात जोडून, कुणावर ओरडून रस्ता मिळतो का बघून आले. सगळीकडून गाड्या एकमेकींना भिडल्या होत्या. शेवटी चाकं हलली तोवर फ्लास्कमधून धूर येणं जवळजवळ थांबलं होतं.

घाट उतरलो आणि मीटरवरचा आकडा हलला.

"सर, एक पूर्णांक शून्य आठ."

 मुजावरसरांनी गाडी दामटली. मी आकडे सांगत राहिले. कुणी विचारत नव्हतं, पण थांबताही येईना. शून्य पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक सात. एखाद्या आजाऱ्याची नाडी हाताखाली सुटत जावी तसा तो आकडा खाली चालला होता. साताऱ्याची पाटी दिसली तेव्हा मीटरवर शून्य होतं.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. "मुजावर, गाडी बाजूला घ्या," ते शांतपणे म्हणाले. "कॉलेजात फोन करून सांगू. समितीला उगाच ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही."

गाडी थांबली. त्या शांततेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गेले वर्षभर मी फुटलेल्या वडीच्या अर्ध्या तुकड्यावर मुजावरसरांचे दणके मोजत होते. सरांनीच तेवढी परवानगी दिली होती, तुकड्याचं आणखी काय वाईट होणार म्हणून. मला त्यात एक गोष्ट दिसली होती. दणका मोठा दिला की चुंबकत्व इतक्या जोरात आत घुसतं की वडी आतून तापते, आणि तापली की घेतलेलं पुन्हा सोडून देते. पण आधी एक बेताचा दणका द्यायचा, वडी गार होऊ द्यायची, मग दुसरा, तर दुसऱ्याला आत कमी मजल मारावी लागते. वडी कमी तापते. थोडं थोडं करत ती जास्त धरते. शिवाय पंप लावून फ्लास्कमधली वाफ ओढून घेतली तर नायट्रोजन आणखी गार होतो, आणि वडीची ताकद वाढते. अर्ध्या तुकड्यावर ते जमलं होतं. अख्ख्या वडीवर कधी केलेलं नव्हतं.

"सर, फोन करू नका," मी म्हणाले. "आधी नायट्रोजन मिळवू."

"आता कशाला?"

"वडी गेलेली नाही, सर. चुंबकत्व गेलंय. ते पुन्हा देता येईल."

"पुण्याला परत जाऊन?"

"नाही. आपल्याच लॅबमध्ये."

सरांना कळलं मी काय म्हणतेय ते. मुजावरसर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.  त्या क्षणी ते बोलले असते तर सगळं तिथेच मोडलं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"ही एकच आहे, वैजयंती," सर म्हणाले.

"ठाऊक आहे, सर."

"फुटली तर?"

"तर फुटली. पण कपाटात अख्खी ठेवून तरी काय करणार? जूनमध्ये भट्टीच नसेल."

हे जरा जास्तच तोडून बोलले मी. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "नायट्रोजन कुठं मिळणार इथं?"

म्हणजे नाही म्हणाले नव्हते. मुजावरसरांनी चटकन गाडी सुरू केली. "गुरांच्या दवाखान्यात," ते म्हणाले. "माझे सासरे जनावरांचे डॉक्टर होते. वळूचं रेत द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात."

दवाखान्यात डॉ. शेवाळे नावाचे तरुण पशुवैद्य होते. बाहेर दावणीला एक म्हैस आणि तीन गाई उभ्या होत्या. आमचं ऐकून घेत त्यांनी फ्लास्कमध्ये डोकावून बघितलं.

"एवढ्याशा दगडासाठी?" ते म्हणाले.

"हा दगड तुमच्या म्हशीला उचलेल एक दिवस," मुजावरसर म्हणाले.

शेवाळे हसले. "उचलू नका, कासेत दूध राहू दे तिच्या." त्यांनी एका भरलेल्या कॅनमधल्या रेताच्या नळ्या दुसऱ्या कॅनमध्ये हलवल्या आणि तो कॅनच आमच्या गाडीत ठेवला. "उद्या परत पाठवा. इथं गाई वाट बघत असतात." पैशाचं विचारलं तर त्यांनी हात हलवला आणि ते म्हशीकडे वळले.

साताऱ्याहून निघालो. कऱ्हाड मागे पडलं. एका ठिकाणी उसाचा रस प्यायला थांबलो. सरांनी ग्लास हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"दोन दणक्यांच्या मध्ये किती वेळ थांबणार?" त्यांनी एकाएकी विचारलं. प्रश्न मला नव्हता. मुजावरसरांना होता. वर्षभरात पहिल्यांदा ते त्यांच्याकडे बघून बोलले होते.

मुजावरसरांनी ग्लास खाली ठेवला. "तुम्ही सांगाल तितका, सर. वडी तुमची आहे. ती कधी निवली हे तुम्हालाच कळणार. तुम्ही 'हं' म्हटल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही."

सरांनी मग रस प्यायला.

कॉलेजात पोचलो तेव्हा समिती येऊन बसलेली होती. तिघं होते आणि बोलणारी एकच, डॉ. सबनीस. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, केस आखूड कापलेले. त्यांनी आमची धुळीने माखलेली रूपं बघितली आणि सरळ विचारलं, "चुंबक आणलंत?"

प्राचार्य घाईघाईने काहीतरी सांगायला लागले, पण सरांनीच उत्तर दिलं. "आणलं होतं. वाटेत गेलं. कॅन बिघडला. आता इथंच, तुमच्यासमोर करतो."

"इथं? कशानं?"

"मुजावरांच्या यंत्रानं," सर म्हणाले.

सबनीस मॅडमनी कोपऱ्यातल्या लाकडी चौकटीकडे बघितलं. आत कपॅसिटर रांगेने बसवलेले, वर एक साधा मीटर, एक लाल बटण. "एका झटक्याच्या पल्सनं एक टेस्ला? ह्याच्यावर?"

"बघू या," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात काय होतं मला सांगता येणार नाही. भीती होती, पण तीच एक गोष्ट नव्हती.

आम्ही कामाला लागलो. वेटोळ्याच्या आत बॅकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खोबणीत वडी बसवली. तिच्या अंगावर पाच संवेदक, एक मध्यावर आणि चार कडेने. सगळं फ्लास्कमध्ये उतरवलं आणि शेवाळ्यांच्या कॅनमधून नायट्रोजन ओतला. तो आधी थयथय उकळला आणि मग शांत झाला. प्राचार्य दारात उभे. मागे आमचे विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते.

"हं," सर म्हणाले.

बटण दाबल्यावर वेटोळ्याने एखादी जड खाट आपटावी तसा आवाज केला. सर दचकले. मी मध्यावरचा आकडा वाचला. "शून्य पूर्णांक चार."

एक सदस्य शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलले.

आम्ही थांबलो. सर फ्लास्कवर वाकून बुडबुडे बघत होते. बुडबुडे शांत झाल्यावरही त्यांनी आणखी जरा वेळ जाऊ दिला. मग "हं". दुसरा दणका तेवढाच होता. शून्य पूर्णांक पाच.

"आता पंप," मी म्हणाले. मुजावरसरांनी रबरी कडेचं काचेचं झाकण फ्लास्कवर बसवलं आणि पंप सुरू केला. वाफ ओढली जायला लागली. तापमान उतरत चाललं. ते फार खाली नेऊन चालणार नव्हतं, नायट्रोजनच गोठून दगड झाला असता. सरांनी तापमापकाचा काटा असा पकडून ठेवला की भट्टीपाशी घालवलेली त्यांची सगळी वर्षं त्या बोटांत आली होती. पंपाची झडप जराशी उघड, जराशी मिट. काटा जागचा हलेना. मग तिसरा दणका, पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा.

आवाजाबरोबर आतून एक बारीक "टक्" ऐकू आलं.

 मुजावरसरांचा हात बटणावरून खाली आला. त्यांचा रंग उडाला होता. तसाच आवाज मागच्या वर्षी आला होता.

"आकडा," सर म्हणाले.

मी वाचला. मग पुन्हा वाचला, कारण माझा विश्वास बसेना. "शून्य पूर्णांक आठ, सर."

"कडेचे?"

"चारही सारखे."

सरांनी डोळे मिटले. वडी फुटली असती तर कडेचे आकडे वेडेवाकडे आले असते. "खोबण तडकलीय," ते म्हणाले. "बॅकेलाइट. वडी नाही." आणि मुजावरसरांकडे वळून म्हणाले, "हात खाली का घेतलात? चला."

चौथा दणका आणखी मोठा दिला. शून्य पूर्णांक नऊ पाच. विद्यार्थ्यांत कुजबूज उठली. मुजावरसरांनी पाचव्यासाठी तेवढीच वीज भरली. सरांनी वाट बघितली, "हं" म्हटलं, आणि आकडा शून्य पूर्णांक नऊ चारवर आला. खाली.

"वाढवतो," मुजावरसर म्हणाले. "थोडंच राहिलंय. कपॅसिटरमध्ये अजून जागा आहे."

"वाढवा," प्राचार्य दारातून म्हणाले. त्यांनाही आता घाई झाली होती.

मी पाचही आकडे एकाखाली एक बघत होते. मध्य भरलेला होता. कडा मात्र रित्या होत्या. मोठ्या दणक्यात तापतात त्या कडाच, सगळं चुंबकत्व त्यांच्यातून धावत आत जातं आणि त्या स्वतः उपाशी राहतात. आणखी मोठा दणका दिला तर त्या आणखी तापतील, आणि मध्यही सांडेल.

"वाढवू नका," मी म्हणाले. "कमी करा."

"कमी?" सबनीस मॅडम खुर्चीवरून पुढे झाल्या.

"मध्यात आता काही घालायचं नाही. कडा भरायच्यात. छोटा दणका मध्यापर्यंत पोचणारच नाही, कडेलाच अडेल. कडा भरल्या की त्यांचा जोर मध्यालाही मिळेल."

मुजावरसरांनी सरांकडे बघितलं. अर्ध्या तुकड्यावर हे कधी केलेलं नव्हतं. मी ते तिथेच, त्या पाच आकड्यांकडे बघत बोलत होते, आणि सरांना ते माहीत होतं.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

मुजावरसरांनी वीज उतरवली. सर थांबले. या वेळी ते इतके थांबले की एका सदस्याने घड्याळ बघितलं. सरांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. मग त्यांनी मान हलवली.

दणक्याचा आवाज या वेळी हलका होता. मीटरवरचे आकडे थरथरले आणि थांबले.

मला ते मोठ्याने वाचता येईना.  सबनीस मॅडमच उठून आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी वाचलं. "एक पूर्णांक शून्य सहा."

विद्यार्थ्यांनी अशी बोंब ठोकली की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. मुजावरसर मटकन स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागले. प्राचार्य कुणाचा तरी हात हलवत सुटले. सर मात्र फ्लास्कवरून हलले नाहीत. त्यांनी नुसता तळवा त्याच्या झाकणावर ठेवला.

मग आम्ही रंगीत पाणी आणलं, गर्द जांभळं, लोहभुकटी मिसळलेलं. फ्लास्कच्या बुडाखालून स्टीलच्या तंतूंनी भरलेली काचेची नळी नेली होती. तीतून पाणी सोडलं. एका टोकाने जांभळं गेलं, आणि दुसऱ्या टोकाने काचेच्या पेल्यात जे थेंब पडायला लागले त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. सबनीस मॅडमनी पेला उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हुक्केरी," त्या म्हणाल्या, "एक सांगते. मी येताना नकार ठरवून आले होते."

सर वळले.

"तुम्ही पुण्याहून चुंबक भरून आणणार हे तुमच्या प्रस्तावातच होतं. मला एवढंच विचारायचं होतं, कारखान्यात एखाद्या रात्री नायट्रोजन संपला की काय करणार? दर वेळी पुण्याला जाणार? ते सुरक्षित पोचलं असतं तर मी शाबासकी देऊन परत गेले असते. असलं चुंबक कुणाच्या काय कामाचं?" त्यांनी पेला खाली ठेवला. "जिथं गेलं तिथंच पुन्हा भरता आलं. हे कामाचं आहे."

खंबाटकीच्या घाटात तो टँकर आडवा झाला नसता तर आम्ही वेळेवर पोचलो असतो, आणि हरलो असतो.

भट्टीची खोली कॉम्प्युटर लॅबला गेली नाही. सर निवृत्तीनंतरही रोज यायचे. पुढे त्यांनी किती वड्या काढल्या याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वडी मुजावरसरांच्याच यंत्रावर भरली गेली, तेही कमी-जास्त-कमी अशा दणक्यांच्या त्या क्रमाने. त्या क्रमावर माझा प्रबंध झाला. आज मी जिथे काम करते तिथल्या मुलांना तो पहिल्याच महिन्यात शिकवते.

पण मला विजय म्हटलं की आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. समितीची गाडी गेली होती, विद्यार्थी पांगले होते, प्राचार्यांनी पाठवलेले पेढे टेबलावर उघडे पडले होते. मुजावरसर तारा सोडवायला लागले.

"राहू द्या," हुक्केरीसर म्हणाले. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि यंत्रापाशी आले. "मुजावर, वीज किती भरायची ते सांगा. बटण मी दाबतो."

मुजावरसरांनी माझ्याकडे बघितलं आणि वीज भरली, आधीच्यापेक्षा आणखी थोडी कमी. सर फ्लास्कवर वाकले. थांबले. स्वतःशीच "हं" म्हणाले आणि लाल बटणावर अंगठा दाबला.

दणका झाला. या वेळी ते दचकले नाहीत.

"एक पूर्णांक एक दोन," मी वाचलं. पुण्याच्या त्या कपाटाएवढ्या चुंबकाने दिला होता त्याच्याही वर.

सरांनी मान वर केली नाही. ते बुडबुडे बघत होते.

"अजून एक," ते म्हणाले.